मुगीसचे अश्रू आणि बरीराचा नकार

रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. भाच्याचा फोन आला. तो पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. एरवी त्याचा फोन आला की पैसे संपलेत असं समजायचं. त्या रात्री आवाज वेगळा होता. "मामू, सोये तो नहीं ना?" एवढं विचारून तो गप्प झाला. मीही थांबलो. मग हळूच म्हणाला, "वो बोल रही, दोस्त तो रहेंगे ना. मैं क्या बोलूं?"

ती कोण, हे मला अंदाजानं ठाऊक होतं. पहिल्या वर्षापासून पाच जणांचा ग्रुप. सबमिशन एकत्र, चहा एकत्र. ईदनंतर हा गावाहून शीरखुर्म्याचा मोठा डबा न्यायचा, गणपतीत सगळे तिच्या घरी जेवायला जायचे. त्यातच या दोघांचं जमलं. दोनेक वर्षं चाललं. ती मराठा, हा मुसलमान. घरी काय होईल हे दोघांनाही पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिला बंगळुरूला नोकरी लागली आणि ती म्हणाली, आपण इथंच थांबू. भांडण नाही, आरोप नाही. यानंही "ठीक आहे" म्हटलं. म्हणजे तोंडानं म्हटलं.

महिना उलटला होता. ग्रुपमधले उरलेले तिघं कुणाच्या बाजूनं उभं राहायचं या पेचात होते, त्यामुळं कँटीनला कुणीच येत नव्हतं. प्रेम तर गेलंच, चार वर्षांची मैत्रीही गेली. आणि आता तिचा मेसेज.

मी त्याला काय सांगितलं असेल? "ब्लॉक कर आणि अभ्यासाला लाग. आपाला यातलं काही कळू देऊ नकोस." तो "जी मामू" म्हणाला आणि फोन ठेवला. मला मात्र झोप लागली नाही. हा सल्ला शहाणपणाचा दिसत होता, पण तो मी घाबरून दिला होता. त्यानं विचारलं होतं एक, मी उत्तर दिलं दुसऱ्याच प्रश्नाचं.

हा लेख म्हणजे त्या रात्री जे सांगायला हवं होतं ते आहे.

*

आधी माझं सांगतो, कारण दुसऱ्यांच्या मुलांना उपदेश करण्याआधी आपला हिशोब मांडावा.

साल 2001. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. मोबाईल आमच्या तालुक्यात अजून पोचला नव्हता. आमच्याच मोहल्ल्याच्या पलीकडच्या गल्लीतली मुलगी, त्याच कॉलेजात. वहीत घालून दिलेल्या चिठ्ठ्या, लायब्ररीतली दहा मिनिटं, इतकंच. एक दिवस तिनं चिठ्ठीत लिहिलं की यापुढं लिहू नकोस. कारण दिलं नाही. ते देणं तिला बंधनकारक नव्हतं, पण हे मला कळायला पुढं बरीच वर्षं गेली.

मी कुणाला सांगणार होतो? अब्बूंना सांगायची सोयच नव्हती. अम्मीला सांगितलं असतं तर तिनं आधी "लोग क्या कहेंगे" म्हटलं असतं. मित्रांना सांगितलं तर त्यांनी एकच गोष्ट केली, दुःखी गझलांची कॅसेट आणून दिली. ती ऐकून माझी खात्री पटली की ती बेवफा आहे आणि मी वफादार. मग मी वफा सिद्ध करायला निघालो. बसस्टँडजवळच्या लाल कॉइन बॉक्समध्ये एक रुपया टाकायचा, तिच्या घरचा नंबर फिरवायचा. तिनं उचलला तर काही बोलायचं नाही, दुसऱ्या कुणी उचलला तर ठेवून द्यायचा. दिवसाला दोन, कधी तीन. दीड महिना.

मला ते प्रेम वाटत होतं. मी फोन ठेवल्यानंतर त्या घरात काय होत असेल, याचा विचार एकदाही केला नाही. कितीतरी नंतर तिच्या मैत्रिणीकडून कळलं. प्रत्येक मुक्या फोननंतर घरचे तिच्याकडं बघायचे. भाऊ विचारायचा, कोण आहे तो. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती कॉलेजला आली नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिचा निकाह झाला. तिला इंग्रजीत एम.ए. करायचं होतं.

माझ्या फोनांमुळंच तसं झालं का, हे विचारायची हिंमत मला कधी झाली नाही. पण रडायला मला जागा मिळाली नाही, म्हणून मी माझं दुःख तिच्या घरात नेऊन टाकलं, एवढं नक्की. किंमत तिनं मोजली. मी पुढं शिकलो, नोकरीला लागलो, लेख लिहू लागलो.

त्या काळी या प्रकाराला वेगळं नाव असलेला गुन्हा नव्हता. दिल्लीतल्या डिसेंबर 2012च्या घटनेनंतर 2013 साली फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली आणि भारतीय दंड संहितेत 354-ड हे कलम आलं. बाईनं स्पष्टपणे नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क साधणं, पाठलाग करणं, इंटरनेटवर तिच्यावर पाळत ठेवणं हा गुन्हा ठरला. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. आता भारतीय न्याय संहितेत तेच कलम 78 आहे.

कॉइन बॉक्स गेले, सवय गेली नाही. मुलीनं सगळीकडं ब्लॉक केलं की मुलं खोट्या नावाचं अकाउंट काढून तिची स्टोरी बघतात. यूपीआयवरून तिला एक रुपया पाठवतात आणि त्यासोबतच्या रकान्यात "एकदा बोल" असं लिहितात. मी एक रुपयाचं नाणं टाकायचो, हे एक रुपया ट्रान्सफर करतात. मधे वीसपंचवीस वर्षं गेली आणि आम्ही मुलांना काहीच शिकवलं नाही.

*

शिकवायला आपल्याकडं काही नाही, असं मात्र नाही. सहीह बुखारीत एक प्रसंग आहे. तो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा वय चाळिशीकडं झुकलं होतं, आणि इतक्या जुम्म्यांच्या बयानात तो एकदाही कसा ऐकला नाही याचं नवल वाटलं.

मदिनेत बरीरा नावाची एक गुलाम स्त्री होती. हजरत आयेशांनी तिला विकत घेऊन मुक्त केलं. तिचा नवरा मुगीस गुलामच होता. मुक्त झालेल्या स्त्रीला अशा विवाहात राहायचं की नाही, हे ठरवायचा हक्क मिळत असे. बरीरानं वेगळं व्हायचं ठरवलं. मुगीसचं तिच्यावर जिवापाड प्रेम. तो मदिनेच्या गल्ल्यांतून तिच्या मागं रडत फिरायचा, अश्रू दाढीवरून ओघळायचे. हे वर्णन इब्ने अब्बास यांनी केलं आहे, जणू तो माणूस अजून त्यांच्या डोळ्यांसमोर आहे.

प्रेषित मुहंमद (स.) यांनी हे पाहिलं. ते आपले चुलते हजरत अब्बास यांना म्हणाले की मुगीसचं बरीरावर एवढं प्रेम आणि बरीराला त्याची एवढी नावड, याचं नवल नाही का वाटत? मग त्यांनी बरीराला सुचवलं की तू त्याच्याकडं परत गेलीस तर बरं. बरीरानं विचारलं, हा आपला हुकूम आहे का? ते म्हणाले, नाही, मी फक्त त्याची रदबदली करतोय. त्यावर बरीरा म्हणाली, मग मला त्याची गरज नाही. तिथंच विषय संपला.

यात कोण कोण काय करत नाही, तेही बघा. मुगीसला कुणी हसत नाही. मर्द असून रडतोस काय, असं कुणी म्हणत नाही. त्याचं दुःख खुद्द प्रेषितांना दिसतं आणि ते त्याच्यासाठी शब्द टाकतात. आणि बरीरावर कुणी दबाव आणत नाही. मुक्त होऊन काही दिवस झालेली एक बाई प्रेषितांना थेट विचारते की हा हुकूम आहे की शिफारस. शिफारस आहे म्हटल्यावर ती नाही म्हणते. तिला कुणी बेवफा म्हणत नाही, उद्धट म्हणत नाही. तिनं कारणही दिलेलं नाही.

एकाच प्रसंगात दोन्ही गोष्टींना जागा आहे. त्याच्या अश्रूंना आणि तिच्या नकाराला. मुगीसचं दुःख खरं होतं, पण त्या दुःखानं बरीरावर त्याचा हक्क निर्माण झाला नाही. माझं म्हणणं एवढंच आहे. ब्रेकअपनंतर कसं वागावं, याचं निम्मं शिक्षण या एका प्रसंगात आहे.

पण मुगीस तिच्या मागं फिरत होता, मग तोही पाठलागच नाही का, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच मला वाटतं की त्या प्रसंगातून मुगीसचं फिरणं उचलायचं नसतं. उचलायचं असतं ते भोवतीच्या लोकांचं वागणं. त्याचं ऐकून घेणारं कुणीतरी मोठं माणूस होतं. आणि त्याच माणसानं नकार ऐकल्यावर शब्द मागं घेतला. त्याच्या दुःखाची आणि तिच्या मर्जीची गाठ घालून दिली नाही.

*

आपल्या मोहल्ल्यात या दोहोंपैकी एकालाही जागा नाही.

मुलगा रडला तर त्याला दोन पर्याय. एक तर "मर्द बन". नाही तर उद्ध्वस्त आशिक बनण्याची मुभा. मजनूपासून देवदासपर्यंत आपण बरबाद होणाऱ्या पुरुषाला डोक्यावर घेतलं आहे. शरच्चंद्रांची कादंबरी 1917 साली आली. हिंदीत सैगल, दिलीपकुमार, शाहरुख असे तीन देवदास पिढीगणिक पाहून झाले. दारू पिऊन मरणारा देवदास सगळ्यांना आठवतो. पारो मात्र लग्न करून सासरी गेली, तिथलं घर तिनं सांभाळलं. तिच्या दुःखावर कुणी कव्वाली म्हणत नाही. स्टेटसला दर्दभरी शायरी टाकली की मुलाला सहानुभूती मिळते. त्या शायरीत जिला बेवफा म्हटलंय ती कोण, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक असतं.

मुलीला तेवढीही मुभा नाही. तिचं प्रेम गुपित, म्हणून तिचं दुःखही गुपित. आमच्या नात्यातली एक मुलगी फार्मसीला होती. पंधरा दिवस जेवली नाही. घरात सगळ्यांना सांगितलं, पित्त झालंय. डॉक्टरनं गोळ्या दिल्या. खालाजाननं नजर उतरवली. पोर गोळ्याही खात होती आणि नजरही उतरवून घेत होती, कारण खरं सांगायला जागा नव्हती. पुढं त्या मुलानं दोघांमधले मेसेज मित्रांना दाखवले. मित्रांनी आणखी चौघांना. तिच्यासाठी आलेले दोन रिश्ते बोलणी होता होता थांबले. कारण कुणी सांगितलं नाही. तिला कळलं होतं.

अशा वेळी आमचे धर्माभिमानी लोक म्हणतात, मुळात हे नातंच नाजायज. मग त्याच्या तुटण्याची काय चर्चा? तौबा करा, विषय संपला.

हा आक्षेप मी उडवून लावत नाही. गैरमहरम स्त्री-पुरुषांच्या जवळिकीबद्दल आपल्या परंपरेचं म्हणणं काय आहे ते मला माहीत आहे, आणि ते मानणाऱ्यांचा मी आदर करतो. पण मग सगळंच माना. सूरह हुजुरातमध्ये पाळत ठेवणं, पाठीमागं वाईट बोलणं, टिंगल करणं यांना स्पष्ट मनाई आहे. सूरह नूरमध्ये पाकदामन स्त्रीवर तोहमत घेऊन चार साक्षीदार न आणणाऱ्याला ऐंशी फटक्यांची सजा सांगितली आहे, आणि त्याची साक्ष पुन्हा कधी मानू नये असं म्हटलं आहे. जिनाच्या चर्चेत आम्ही नेहमी सोयीची आयत शोधतो. बदनामी करणाऱ्याबद्दलची आयत कुणी काढत नाही. त्या मुलानं मोबाईल पुढं केला तेव्हा मेसेज वाचायला माना पुढं घालणाऱ्यांत पाच वेळचे नमाजीही होते.

पर्दापोशी हा आपल्याकडचा फार सुंदर शब्द आहे. दुसऱ्याचं उणं झाकणं. अल्लाहच्या सिफतींमध्ये ऐब झाकणं ही एक सिफत मानली जाते. पडदा म्हटला की आपल्याला फक्त बायकांचं डोकं दिसतं. तुटलेल्या नात्यातल्या दुसऱ्या माणसाची गुपितं झाकणं, हाही पडदाच आहे. आणि तो पुरुषांवर तेवढाच लागू आहे.

ज्यांना धर्माची भाषा पटत नाही त्यांच्यासाठी कायद्याची आहे. फोटो काढायला तिनं हो म्हटलं असेल, तरी तो दुसऱ्यांना दाखवायला हो म्हटलं असा त्याचा अर्थ होत नाही. न्याय संहितेचं कलम 77 हे स्पष्ट सांगतं. कुणाचाही, मग तो मुलगा असो की मुलगी, खासगी फोटो संमतीविना पसरवला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66-ई कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मुलांनो, रागाच्या एका रात्रीत बोटाखालून जे सुटतं ते परत घेता येत नाही. ब्रेकअपच्या रात्री फोन मित्राकडं देऊन झोपा, हे मी गंभीरपणे सांगतोय.

*

आता भाच्याच्या प्रश्नाकडं येतो. मैत्री ठेवायची की नाही?

1989 साली 'मैंने प्यार किया' आला. त्यात एक पात्र ठासून सांगतं की मुलगा आणि मुलगी कधी मित्र असू शकत नाहीत. माझ्या पिढीनं ते वेदवाक्य मानलं. गंमत म्हणजे ते बोलणारं पात्र सिनेमातलं खलनायकी वळणाचं आहे. खलनायकाचं म्हणणं आपण खरं धरलं, कारण मोहल्लाही तेच म्हणत होता आणि मोहल्ल्याबाहेरचे वाडेही तेच म्हणत होते.

मला ते पटत नाही. पण ब्रेकअपच्या दुसऱ्या दिवसापासून मैत्री सुरू होते, हेही पटत नाही. "आपण मित्र राहू" हे वाक्य निरनिराळी माणसं निरनिराळ्या कारणांनी म्हणतात. कुणी समोरच्याला कमी दुखावं म्हणून म्हणतं. कुणी स्वतःला अपराधी वाटू नये म्हणून म्हणतं. कुणी ऐकणारं "हो" म्हणतं ते या आशेवर की आज ना उद्या मन बदलेल. यातला शेवटचा प्रकार सगळ्यात वाईट. सुटलेली गाडी परत येईल म्हणून एसटी स्टँडवर बसून राहणं म्हणजे मैत्री नव्हे. अशा मैत्रीत माणूस रोज तिच्या मेसेजमध्ये खुणा शोधतो. आणि तिला दुसरा कुणी आवडला की आपली फसवणूक झाली असं त्याला वाटतं. मैत्रीच्या नावाखाली त्यानं उधारी लिहून ठेवलेली असते.

म्हणून मधे थोडा काळ जाऊ द्यावा. आपल्याकडं त्याची कल्पना आहे. तलाकनंतर इद्दत असते, साधारण तीन मासिक पाळ्यांची. विधवेसाठी चार महिने दहा दिवस. तिचे हेतू वेगळे आहेत, गर्भाची खात्री, समेटाला अवसर, आणि तिचं बंधन फक्त स्त्रीवर आहे, त्यावरून वादही आहेत. कॉलेजातल्या मुलांना ती लावा असं मी म्हणत नाही. त्यामागची एक समज मात्र घ्यावी असं वाटतं. नातं एका शब्दानं संपत असलं तरी माणूस एका शब्दानं त्यातून बाहेर येत नाही. मधला काळ लागतो. त्या काळात जुन्याकडं धाव घ्यायची नाही आणि नव्याला घाईनं धरायचंही नाही. ही इद्दत मुलानंही पाळावी. चार महिने संपर्क नाही, स्टोरी बघणं नाही, मित्राकरवी निरोप नाही.

तलाकच्या आयतींमध्येच आणखी एक गोष्ट आहे. सूरह बकरहमध्ये सोडायचं असेल तर भलेपणानं सोडा, असं सांगितलं आहे, आणि एकमेकांशी वागताना उदारपणा विसरू नका, असंही. ही सूचना लग्न मोडणाऱ्यांना आहे, जिथं मेहर, मुलं, घरदार असा मोठा गुंता असतो. तिथं जर भलेपणा शक्य आणि अपेक्षित असेल, तर दोन वर्षं एका टेबलवर चहा पिणाऱ्या दोन मुलांना तो का जमू नये?

आणि चार महिन्यांनी? तेव्हा एक साधी परीक्षा घ्यावी. तिच्या लग्नाची बातमी कळली तर मनापासून मुबारक म्हणता येईल का? येत असेल तर मैत्री करा. येत नसेल तर दुरूनच सलाम ठेवा. मैत्री झालीच पाहिजे, ही सक्ती नाही. मित्र राहणं म्हणजे मोठ्या मनाचं आणि दूर होणं म्हणजे कोत्या मनाचं, असंही नाही. जिथं मारहाण झाली, धमक्या झाल्या, पैसे उकळले, तिथं तर मैत्रीचा प्रश्नच येत नाही. तिथं ब्लॉक करणं हेच शहाणपण. मैत्री ऐच्छिक आहे, सभ्यपणा मात्र देणं आहे. तो दोघांनीही एकमेकांना द्यायचा आहे.

ग्रुपमधल्या बाकीच्या तिघांनाही सांगायचं आहे. तुम्हाला बाजू घ्यायला कुणी बोलावलेलं नाही. दोघांकडं स्वतंत्रपणे जा. एकाचं दुसऱ्याला सांगू नका. कुणी फार खचलेलं दिसलं, जेवत नसेल, जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल, तर शायरी पाठवत बसू नका. जवळ जाऊन बसा, घरातल्या एका मोठ्या माणसाला सांगा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416. फोन फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.

*

भाच्याच्या बाबतीत आणखी एक पदर होता. तो लिहिताना हात जड होतो.

फोनवर त्यानं एक गोष्ट सांगितली होती. ब्रेकअप झाला त्या रात्री त्यानं तिचे सगळे मेसेज आणि फोटो डिलीट केले. मला वाटलं रागानं केले असतील. तो म्हणाला, नाही मामू, डर लगा.

या वयातली मुलं ब्रेकअपनंतर जुने मेसेज उघडून रडतात. यानं ते भीतीनं पुसले. उद्या ग्रुपमधल्या कुणी, किंवा तिच्या घरच्यांपैकी कुणी, कुठल्या संघटनेला सांगितलं तर? त्याला वर्तमानपत्रं वाचता येतात. महाराष्ट्र सरकारनं डिसेंबर 2022मध्ये आंतरधर्मीय विवाहांवर लक्ष ठेवणारी समिती नेमली. आधी आदेशात आंतरजातीय विवाहही होते, काही दिवसांतच ते वगळले. फेब्रुवारी 2025मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती आली, तथाकथित 'लव्ह जिहाद'वर कायदा सुचवण्यासाठी. 1954चा विशेष विवाह कायदा दोन धर्मांच्या माणसांना लग्नाची वाट देतो, पण त्यातही तीस दिवस आधी नोटीस लागते आणि ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावली जाते. त्या तीस दिवसांत काय काय होतं, हे अशी लग्नं केलेल्यांना विचारा.

म्हणजे या मुलांना एकत्र येताना भीती, लग्न करताना भीती आणि वेगळं होतानाही भीती. दोन माणसांचं खासगी दुःख त्यांचं राहतच नाही. मुलीकडच्यांना वाटतं, बरं झालं सुटली. मुलाकडच्यांना वाटतं, बरं झालं वाचला. दोघांना काय वाटतं, हे विचारायला कुणी रिकामं नाही. मग घरोघरी एकच सल्ला दिला जातो. त्यांच्यातल्या कुणाशी मैत्रीच नको. मी त्या रात्री "ब्लॉक कर" म्हटलं ते याच भीतीतून. आणि असा सल्ला लाखभर मामांनी दिला की काय होतं? ईदचा डबा हॉस्टेलवर जायचा थांबतो. गणपतीत जेवायला जाणं थांबतं. जे काम द्वेष करणाऱ्यांना जमलं नसतं, ते आपण काळजीपोटी करून टाकतो.

भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. आपापलं सांभाळून राहावं लागतं, हे मी त्यालाही सांगितलं. पण ती मुलगी घाबरण्यासारखी नाही. चार वर्षं ज्याच्याबरोबर हसलो, त्याला एका रात्रीत परका ठरवायला तिनं नकार दिला, एवढंच तिनं केलं. भोवतीच्या हवेत ही छोटी गोष्ट नाही.

*

तिसऱ्या दिवशी मी भाच्याला फोन केला. आधी माफी मागितली. मग कॉइन बॉक्सची गोष्ट सांगितली. त्याच्या मामीलाही ती माहीत नव्हती. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग मुगीस आणि बरीराचा प्रसंग सांगितला.

म्हटलं, रडायचं तेवढं रड, माझ्याकडं रड, हवं तर या शनिवारी इकडं ये. पण ते ओझं तिच्या दारात नेऊन ठेवू नकोस. तिला खोटं "हो" म्हणू नकोस आणि रागानं "नाही" म्हणू नकोस. खरं काय आहे ते सांग. तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर तिथंच थांबव. बाकीचं वेळेवर सोड.

त्यानं तिला काय लिहिलं, ते मला दाखवलं नाही. मी विचारलंही नाही. एवढंच म्हणाला की आत्ता जमणार नाही असं कळवलंय, आणि तिनं "समजतं" म्हणून उत्तर दिलंय. परवा ग्रुपमधल्या एकाच्या वाढदिवसाला दोघंही गेले होते म्हणे. वेगवेगळ्या टोकाला बसले. केक दोघांनीही खाल्ला.

फोन ठेवता ठेवता त्यानं विचारलं, "मामू, मुगीस का फिर क्या हुआ?"

म्हटलं, बेटा, त्या हदीसमध्ये पुढचं काही येत नाही. बरीरा नाही म्हणाली, इथंच ती संपते.

"अच्छा," तो म्हणाला. "मतलब वहीं संपतं."

हो. तिथंच संपतं. त्यापुढचं ज्याचं त्यानं सावरायचं असतं. मदत करायला आपण मोठ्यांनी जवळ असावं, एवढंच आपल्या हातात आहे.